गच्चीवरच्या दुर्बिणीतून क्वेसारचा फोटो काढता येतो का?

येतो. 6 इंची दुर्बीण आणि डीएसएलआर एवढ्यावर, शहरातल्या गच्चीवरूनही. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या मध्यातलं प्रचंड कृष्णविवर, ज्याच्याभोवती फिरणारा तापलेला वायू झळाळत असतो. फोटोत काय दिसेल असंही तुम्ही विचारलंय, तर एक ठिपका. आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच. क्वेसारमधल्या कृष्णविवराभोवतीची झगमगती तबकडी चित्रांत पाहिली असेल, तर ती चित्रकाराने रंगवलेली होती. फोटो सोपा आहे हो. शेकडो ठिपक्यांतला आपला कोणता, हे पक्कं करण्यात रात्र जाते.

सुरुवात 3सी 273 या क्वेसारपासूनच करा. कन्या राशीत आहे, प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) साधारण 12.9, म्हणजे आकाशातल्या क्वेसारांमध्ये सगळ्यात तेजस्वी. अंतर सुमारे 240 कोटी प्रकाशवर्षं. चैत्र-वैशाखात रात्री तो महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे क्षितिजाजवळची धूळ आणि दिव्यांचा उजेड फारसा आडवा येत नाही. कन्येतल्या ईटा ताऱ्यापासून ईशान्येला साडेतीन अंशांवर शोधा.

माउंटला, म्हणजे दुर्बिणीच्या बैठकीला, ताऱ्यांमागे फिरणारी ट्रॅकिंग मोटर आहे असं धरतो. ध्रुवताऱ्याकडे अक्ष नीट लावा, आयएसओ 800, 30 सेकंदांच्या वीसेक फ्रेम्स घ्या. दर दोन-चार फ्रेम्सनंतर दुर्बीण किंचित हलवा. सेन्सरवरचे हॉट पिक्सेल हुबेहूब मंद ताऱ्यासारखे दिसतात. दुर्बीण हलवली की तारे फ्रेममध्ये सरकतात, हॉट पिक्सेल मात्र जागचे हलत नाहीत. मग डीप स्काय स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम्स एकत्र करा आणि तयार चित्र ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर टाका. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचे आकाशातले निर्देशांक कळतात. विषुवांश 12 तास 29 मिनिटं 7 सेकंद, क्रांती अधिक 2 अंश 3 कला (आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा), इथे जो ठिपका असेल तो तुमचा.

ही ओळख पटवणं व्यावसायिकांनाही सोपं गेलं नव्हतं. रेडिओ दुर्बिणींना हा स्रोत ठाऊक होता, पण नेमकी जागा सापडत नव्हती. 1962 मध्ये चंद्र त्याच्यासमोरून गेला तेव्हा सिरिल हॅझर्ड यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीने रेडिओ संदेश कधी लोपतो, कधी परततो हे मोजून ती जागा काढली. पुढे अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या 200 इंची दुर्बिणीतून मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवलेला पट्टा, घेतला, आणि 1963 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की त्या अनोळखी रेषा साध्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त जवळपास 16 टक्के लांब तरंगलांबीकडे सरकलेल्या.

हेच तुम्हालाही करून बघता येतं, आणि माझ्या मते नुसत्या फोटोपेक्षा यातच जास्त मजा आहे. मिलिमीटरला 100 रेषांची ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारी, बारीक रेघांची काच) फिल्टरसारखी कॅमेऱ्यापुढे बसते. तिने ठिपक्याचा पट्टा होतो. क्वेसारच्या रेषा रुंद असल्याने एवढ्या ढोबळ साधनातही उठून दिसतात. हायड्रोजनची 4861 अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) रेषा 5629 च्या आसपास सापडेल. तांबडी 6563 ची रेषा थेट 7600 वर जाते. तिथे आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा पट्टा तिला खातो आणि डीएसएलआरचा फिल्टर उरलंसुरलं अडवतो, तेव्हा तिच्या नादी लागू नका. यासाठी 8 इंची दुर्बीण असली तर बरं आणि आकाश काळोखं हवंच, गच्ची पुरणार नाही.

त्यानंतर सप्तर्षीतला जुळा क्वेसार. एनजीसी 3079 या दीर्घिकेशेजारी, 17 व्या प्रतीचा. आपल्या आणि त्याच्या मधल्या दुसऱ्याच एका दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे एकाचेच दोन ठिपके दिसतात, फक्त 6 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) अंतरावर. ते सुटे दिसायला मोठी दुर्बीण आणि अगदी स्थिर हवा लागते.