वॉरंटी संपल्यावर ११ दिवसांनी कसारा घाटात इंजिन जाम झालं. इन्शुरन्स मिळेल का, की ग्राहक मंचात जावं?

इन्शुरन्सचं आधी उरकतो: नाही मिळणार. मोटार पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन वगळलेलंच असतं. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन असलं तरी ते पाणी शिरलं, किंवा चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) दगडावर आपटून तेल गळालं, तर उपयोगी. घाटात टकटक सुरू होऊन तेलाचा लाल दिवा लागला आणि इंजिन अडकलं, हे त्यात बसत नाही.

आता तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "तेल कमी ठेवलंत, पूर्ण इंजिन बदलावं लागेल." चेंबर खोलला होता का त्याने? नाही. मग कळलं कसं? नाशिकला अंबडच्या बाजूला इंजिनं खोलणारे आम्ही लोक याच वाक्यावरून शोरूमवाल्यांशी कायम भांडत आलोय. गिऱ्हाईकही ते ऐकून मान खाली घालतं, कारण पट्टी काढून तेल बघायची सवय बहुतेक लोकांना नसते.

तेल खरंच कमी होतं की नाही, हे बेअरिंगं सांगतात. कमी तेलावर घाट चढताना, वळणावर तेल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. प्रेशर सगळीकडेच पडतं, म्हणून सगळीच बिग एंड बेअरिंगं (रॉड क्रँकला जोडलेला असतो तिथली) कमी-जास्त घासलेली निघतात, वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसतं. पण चारपैकी तीन सिलिंडरची बेअरिंगं जवळपास नव्यासारखी आणि एकाचंच शेल (बेअरिंगची अर्धी वाटी) फिरून क्रँकची ती जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गुळगुळीत भाग, निळी पडलेली असेल, तर आधी त्या जर्नलचं तेलाचं भोक किंवा जोडणी तपासायची. पट्टीवरच्या तेलाला दोष देणं नंतर.

तिसरा प्रकार सगळ्यांत चिडचिड करणारा. टेबलावर आलेली एक पेट्रोल गाडी सांगतो, लक्षणं थेट तुमच्यासारखी. चेंबरमधून ३ लिटर तेल निघालं, भरायचं माप साडेतीन. म्हणजे अर्धा लिटर कमी, एवढ्याने इंजिन मरत नाही. तरी सगळी बेअरिंगं खलास. चेंबर उलटा केला तर आतल्या कडेने काळ्या सिलिकॉन पेस्टची करंगळीएवढी वळी लोंबत होती, आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीवर त्याच पेस्टचे रबरासारखे तुकडे चिकटलेले. निम्म्याहून जास्त जाळी बंद. चेंबरमध्ये तेल आहे, पण पंपाला मिळत नाही. जुनी जॉबकार्डं काढली तर आठ महिने आधीची नोंद: "ऑइल लीक, चेंबर रिसील." तेव्हा वॉरंटी चालू होती. पेस्ट दोन-तीन मिलिमीटरची एकसलग रेघ ओढायची असते, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, आणि जुनी पेस्ट खरवडून पुसल्यावर. घाईत ट्यूब पिळली की जादा माल बाहेर तसा आतही दाबला जातो. शेवटी पार्टचा खर्च कंपनीने उचलला, मजुरी मालकाने दिली. जाळीचा तो एक फोटो नसता तर पूर्ण बिल मालकाच्या गळ्यात होतं.

तेव्हा तुमच्या गाडीचं इंजिन कोणत्या तारखेला बंद पडलं यावर वाद घालू नका. बिघाड कधी सुरू झाला ते शोधा. वॉरंटीच्या काळातल्या एखाद्या जॉबकार्डवर आवाज, लीक, तेल खाणं, दिवा लागणं असलं काहीही लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही.

आता परत सेल्फ मारू नका. फिरलेलं बेअरिंग आणखी ओढलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि पुरावाही चुरा होतो. गाडी दुसरीकडे न्यायची तर फ्लॅटबेडवरच. सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा की इंजिन तुमच्यासमोर खोलायचं, आणि खोलण्याची मजुरी किती तेही आधी लेखी घ्या. त्या दिवशी काढलेलं तेल मोजून घ्या, त्यातलं २०० मिली स्वच्छ बाटलीत सील करून ठेवा. लॅबमध्ये सिलिकॉन जास्त निघालं तर धूळ किंवा पेस्ट, सोडियम-पोटॅशियम निघालं तर कूलंटचा संशय. ऑइल फिल्टर कापून घडीतली धातूची चमक बघा. चेंबर, स्ट्रेनर, प्रत्येक शेल आणि जर्नल यांचे सिलिंडर क्रमांकासह फोटो. स्कॅनरमधला फ्रीझ फ्रेम डेटा (बिघाड नोंदला त्या क्षणाचे आकडे) कोड पुसण्याआधी छापून घ्या. जुने पार्ट परत मागा, भंगारात जाऊ देऊ नका. आणि "समाधानी आहे" छापलेल्या कागदावर सही नको.

हे सगळं जोडून डीलरमार्फत कंपनीकडे गुडविल, म्हणजे वॉरंटी संपल्यावरही स्वखुशीने खर्चातला वाटा, मागा. पूर्ण नाही तरी पार्टमधला वाटा बऱ्याचदा मिळतो, विशेषतः सगळ्या सर्व्हिस वेळेवर असतील तर. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. उत्पादनातला दोष म्हणायचं तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसत्या रागाने तिथे काही होत नाही.

"पूर्ण इंजिन" हाही आळसाचा सल्ला. ब्लॉक शाबूत असेल आणि हेडमधल्या कॅमच्या जागा ओरखडल्या नसतील तर हाफ इंजिनवर, म्हणजे हेड सोडून फक्त खालचा भाग करून, भागतं. एकच जर्नल गेली असेल तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंग बसतं, पण कंपनी त्या क्रँकला ग्राइंडिंग मान्य करते का ते मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच नव्या क्रँकना चालत नाही. जुनं इंजिन आणून बसवलं तर त्याचं बिल लागतं आणि आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो.

हो, एक राहिलं. लाल दिवा लागल्यावर तुम्ही "घाट संपू दे" म्हणून गाडी तशीच पुढे ताणली असेल, किंवा मधली सर्व्हिस चुकवली असेल, तर वरचं बरंचसं पांगळं होतं. तो दिवा तेलाच्या पातळीचा नसून प्रेशरचा असतो आणि साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच पेटतो. तेव्हा हाताशी काही सेकंदच असतात.

इंजिन कोणीही बांधलं तरी ऑइल कूलर नवीन टाकायला लावा. बेअरिंगचा चुरा त्यात अडकून राहतो, धुऊन निघत नाही, आणि तोच दुसरं इंजिन खातो. टर्बो असेल तर त्याच्या तेलाच्या नळ्याही बदला. पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून, प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून, काटा हलेपर्यंत सेल्फ मारायला सांगा. ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, आणि तो फिल्टर कापून स्वतः बघा.