प्राचीन संस्कृतींची यादी आणि एका आईची धास्ती

मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती पालकांकडून नव्या वर्षाची आखणी करताना माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: प्राचीन इतिहासात कोणत्या संस्कृती घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या? टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या, मूळच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका आईने तो विचारला, तेव्हा तिच्या बोलण्यात आखणीपेक्षा धास्तीच अधिक होती. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. "मॅडम, यादीत सुमेरपासून मायांपर्यंत पंधरा नावे आहेत आणि वर्ष छत्तीस आठवड्यांचे. सगळी घेतली तर मुलांच्या हाती काहीच लागणार नाही, सोडली तर मुले मागे पडतील. शिवाय ज्यांचा शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, उल्लेखच नाही त्यांच्यावर वेळ घालवावा का, हेही कळत नाही."

मागे पडण्याची भीती आधी दूर करणे सोपे होते. टेक्सासमध्ये घरशाळा ही कायद्याने खासगी शाळा मानली जाते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. सक्तीचे विषय पाचच: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्वाची जाण. प्राचीन इतिहास त्यांत नाही, त्यामुळे निवड पूर्णपणे पालकांची. त्यातही हे कुटुंब अनेकांप्रमाणे प्राचीन, मध्ययुगीन, आरंभीचा आधुनिक आणि आधुनिक अशी चार वर्षांची फेरी पाळणार होते. बारा वर्षांत ती तीनदा होते, म्हणजे या वर्षी सुटलेली संस्कृती चार वर्षांनी पुन्हा दारात येणारच.

खरी अडचण निकषाची होती. तिच्या आराखड्यात प्रत्येक संस्कृतीला समान आठवडे दिलेले होते आणि इस्राएल हे त्यांतले एक प्रकरण होते. मी तिला इस्राएलचे प्रकरण काढून टाकायला सांगितले, तेव्हा ती दचकली. पण शास्त्रातली कथा स्वतःच शेजाऱ्यांच्या अंगणांतून चालत जाते: अब्राहाम खास्द्यांच्या ऊर नगरातून निघतो, मोशे मिसरात (इजिप्तमध्ये) वाढतो, अश्शूर (असिरिया) इस्राएलचे उत्तरेचे राज्य गिळतो, बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम जाळतो, पर्शियाचा राजा कोरेश इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतो आणि बंदिवान यहूदी परततात, पुढे ग्रीक भाषा आणि रोमी रस्ते यांवरून ख्रिस्ताची सुवार्ता फिरते. या कथेचा कणा धरला की मिसर, मेसोपोटेमिया, पर्शिया, ग्रीस आणि रोम ही निवड आपोआप होते, आणि इस्राएल वर्षभर सोबत राहतो.

कमी संस्कृती घेतल्या की एखाद्या जागी थांबता येते, हा त्यातला मोठा लाभ. उदाहरणार्थ, इ.स.पू. ७०१ मधली अश्शूरची स्वारी. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचे अठरावे आणि एकोणिसावे अध्याय वाचावेत आणि त्याच संध्याकाळी अश्शूरचा राजा सन्हेरीब याचा स्वतःचा कोरीव वृत्तान्त वाचावा. यहूदाचा राजा हिज्कीया याची शेहेचाळीस तटबंदीची नगरे घेतली, त्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे यरुशलेमात कोंडले, असे तो मोठ्या दिमाखाने सांगतो, मात्र यरुशलेम घेतले असे कुठेही म्हणत नाही. यहूदातल्या लाखीश नगराच्या वेढ्याची सन्हेरीबाच्या राजवाड्यातली शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत: मातीच्या उतारावरून चढणारी वेढ्याची यंत्रे, तटावरून पेटत्या मशाली फेकणारे लोक, सामानाच्या गाड्या हाकत निघालेली कुटुंबे. दोन बाजूंचे साक्षीदार समोरासमोर ठेवून, कोणी काय सांगितले आणि काय गाळले हे शोधायला दहा वर्षांचे मूल शिकले, तर पंधरा संस्कृतींच्या नोंदवहीपेक्षा ते मला कितीतरी मोलाचे वाटते.

परदेवतांच्या कथा मुलांना सांगाव्यात का, ही तिची शंका मी हलकी मानली नाही. उत्तर मात्र तिच्याच शास्त्रात होते. मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत प्रवीण होता, दानीएलाला खास्द्यांची भाषा आणि वाङ्मय शिकवले गेले, आणि पौलाने अथेन्समध्ये मूर्ती पाहून संतापल्यावरही अरीयपग या टेकडीवर ग्रीक कवींचीच ओळ आधाराला घेतली. सात वर्षांच्या मुलीला थोड्या निवडक कथा पुरतात, एवढीच मर्यादा मी सुचवली.

मग राहिली सिंधू संस्कृती. आजी-आजोबा फोनवर तिची चौकशी करत आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तकात तिला अर्धेच पान होते. ती घेणे म्हणजे शास्त्रापासून दूर जाणे, असे या आईला वाटत होते. इथे ऊर नगरच उपयोगी पडले. लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात दक्षिण इराकमध्ये जे ऊर खणले, आणि जे अनेक अभ्यासक अब्राहामाचे मानतात, तिथल्या राजघराण्याच्या कबरींत तांबड्या कार्नेलियन दगडाचे, पांढरी नक्षी काढलेले मणी मिळाले. ते सिंधू खोऱ्यातल्या कारागिरांचे काम मानले जाते. अक्कडचा राजा सार्गोनही आपल्या धक्क्याला मेलुहाची गलबते लागतात अशी बढाई मारतो, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचाच प्रदेश असे बहुतेकांचे मत आहे. म्हणून सिंधूचे आठवडे मेसोपोटेमियाला जोडून घ्यावेत, असे ठरले. सिंधू संस्कृतीशी जोडले जाणारे प्रवरेकाठचे दायमाबाद तिच्या माहेरापासून फार लांब नाही, आणि तिथे १९७४ मध्ये सापडलेला बैलजोडीचा कांस्यरथ तिने फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिला होता. त्याच्या काळाबद्दल वाद आहेत, तेही मुलांना सांगावे.

तारखांचा प्रश्न मुलानेच उभा केला. भिंतीवरच्या कालपटावर त्याने गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचे कार्ड इ.स.पू. २५६० च्या आसपास लावले आणि नोहाच्या जलप्रलयाचे इ.स.पू. २३४८ वर, मग विचारले, "मम्मी, पिरॅमिड आधीचा असेल तर तो पाण्यात बुडाला कसा नाही?" मुलाला गप्प करू नका, एवढे मी आधी सांगितले. २३४८ हा आकडा उत्पत्तीत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, छापलेला नाही. हिब्रू पाठातल्या वंशावळींमधली वये जोडून आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात तो काढला. जुन्या ग्रीक भाषांतरात तीच वये मोठी आहेत आणि जलप्रलय बराच मागे जातो. यावर श्रद्धावंत ख्रिस्ती अभ्यासकांतही एकमत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजते. अब्राहामापूर्वीची कार्डे सन न लिहिता नुसत्या क्रमाने लावायची, असा तोडगा निघाला. यरुशलेमवर चालून आलेल्या मिसरच्या राजा शिशकापासून, म्हणजे इ.स.पू. ९२५ च्या सुमारापासून, सन बरेच भरवशाचे होतात. पाळकांशीही बोलून घ्या, असे मी सुचवले, कारण मंडळीत वेगळे ऐकले तर गोंधळ मुलाचाच होतो.

शेवटी वाटणी अशी झाली: मिसरला सात आठवडे, मेसोपोटेमियाला नऊ, सिंधूला तीन, पर्शियाला तीन, ग्रीसला पाच, रोमला सात, आणि दोन आठवडे आजारपण व पाहुण्यांसाठी मोकळे. चीन आणि माया पुढच्या फेरीत.

ही मोकळीक लहान मुलांपुरती आहे. मूल नववीच्या पुढे असेल तर हिशोब बदलतो, कारण महाविद्यालयाकडे जाणारी ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांची नोंद) पालकच तयार करतात आणि तिच्यावर जागतिक इतिहास असे लिहायचे असेल, तर चीन वगळून ते लिहिता येणार नाही.