वाचकांचे प्रश्न : अण्णांवर लिहायचे आहे

प्रश्न : माझे वडील, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणत असू, १९७४ साली महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि २०१० साली तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. आमच्या शाळांचा खोळंबा होऊ नये म्हणून त्यांनी आईला व आम्हा दोघा भावंडांना लातूरला ठेवले होते आणि स्वतः ते बदली होईल त्या तालुक्याच्या गावी खोली करून राहत. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पुष्कळ मंडळी आज अधिकारी आहेत. वर्षश्राद्धाला अण्णांवर एक लहानशी स्मरणिका काढावी, असे त्यांनीच सुचवले आणि मुख्य लेख माझ्याकडे सोपवला. आतापर्यंत सव्वीस लेख आले आहेत. जवळजवळ प्रत्येकात ‘देवमाणूस’, ‘कुटुंबवत्सल’, ‘निगर्वी’, ‘आदर्श अधिकारी’ हेच शब्द आहेत आणि माझाही लेख त्याच वळणावर चालला आहे. एका मंडळ अधिकाऱ्याने मात्र एवढेच लिहिले आहे, की फेरफारावर नोटीस बजावल्याची तारीख नव्हती म्हणून रावसाहेबांनी (म्हणजे अण्णांनी) त्याला भर उन्हात त्याच पावली गावाकडे परत पाठवले होते. हा मजकूर ठेवावा की नाही, याबद्दल मतभेद आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, की अण्णा परक्यांच्या मुलांच्या वाट्याला जेवढे आले तेवढे आपल्या वाट्याला आले नाहीत, आणि हे छापणार नसाल तर स्मरणिकेत माझे नाव नको. आईला ते वाचवणार नाही. अण्णांचे दुय्यम सेवापुस्तक आणि एकवीस दैनंदिन्या माझ्याजवळ आहेत; त्यांपैकी १९९६ सालच्या एका पानाची प्रत सोबत जोडली आहे. लेख कसा लिहावा?

— एक वाचक, लातूर

उत्तर : आपण जोडलेले पान मी तीन वेळा वाचले आणि आपला लेख त्याच पानापासून सुरू व्हावा, असे माझे मत झाले. पानाच्या वरच्या भागात सात कारकुनांची नावे आहेत आणि प्रत्येकापुढे खात्यांतर्गत दुय्यम सेवा परीक्षेचा किंवा महसूल अर्हता परीक्षेचा कोणता पेपर राहिला आहे, ते लिहिले आहे. एका नावापुढे ‘हिशेबात कच्चा, रविवारी सकाळी ये म्हणणे’ अशी नोंद आहे. त्याखाली रेघ न मारता, त्याच शाईत, ‘धाकट्याचे बूट, सहा नंबर’ आणि ‘शनिवारची गाडी चुकवू नये’ असे लिहिलेले आहे. आता शनिवारची गाडी पकडून लातूरला यायचे आणि रविवारी सकाळी तालुक्याच्या गावी बसून कारकुनाला हिशेब शिकवायचा, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात जमणे अवघड आहे. त्या आठवड्यात काय झाले, हे पुढचे पान सांगेल. ते आपण पाठवलेले नाही. पुढच्या पानावर काही नसेल तर भावाला विचारा, की ते बूट आले का, कोणत्या वारी आले आणि कोणी आणून दिले. त्याला जे सांगायचे आहे ते बहुधा या उत्तरातच असेल, आणि ‘अण्णा आमच्या वाट्याला आले नाहीत’ या वाक्याने आईला जितके लागेल तितके बुटांच्या हकिगतीने लागणार नाही, कारण तो शनिवार तिनेही घरात बसून काढलेला आहे.

‘कुटुंबवत्सल’ हा शब्द मात्र काढून टाका. स्मरणिका मी पुष्कळ चाळल्या आहेत, आणि त्यांत छायाचित्राखालचे नाव बदलले तरी मजकूर बदलावा लागू नये, इतके ते लेख एकमेकांसारखे असतात. आपल्या वडिलांच्या बाबतीत त्या शब्दाच्या जागी ठेवण्यासारखी वस्तुस्थिती आपल्याच पत्रात आहे : मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड एका जागी ठेवायचे आणि स्वतः वर्षानुवर्षे खोलीवर राहायचे. बदलीच्या नोकरीतल्या हजारो कुटुंबांनी हेच केले आहे आणि त्याची किंमत दोन्हीकडच्यांनी मोजली आहे. त्या खोलीत स्टोव्ह होता की डबा येत असे, कपडे कोण धूत असे, लातूरला आईने दवाखाना आणि शाळेतली पालकसभा एकटीने कशी सांभाळली, हे लिहा. त्यातून अण्णांचे घरावरचे प्रेम आणि त्यांचे घरात नसणे, ही दोन्ही वाचकाला वेगळे न सांगता कळतील.

मंडळ अधिकाऱ्याचा मजकूर ठेवावाच. सव्वीस लेखांत मला तोच सर्वांत चांगला वाटतो. विरोध करणाऱ्यांना बहुधा वाटते, की त्यातून अण्णा कठोर दिसतात. महसुलाबाहेरच्या वाचकासाठी आपण तेथे दोन वाक्यांची भर घालावी. जमिनीच्या हक्कात बदल झाला की गावच्या दफ्तरी त्याची नोंद होते, संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकत घेण्यासाठी त्यांना १५ दिवस मिळतात आणि त्यानंतरच फेरफार प्रमाणित करायचा असतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने घालून दिलेला हा क्रम आहे. नोटीस कोणत्या तारखेला बजावली हेच कागदावर नसेल, तर ते १५ दिवस मोजायचे कोठून? अशाच एका कोऱ्या राहिलेल्या रकान्यामुळे एखाद्या विधवेचे किंवा परगावी नांदणाऱ्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून परस्पर उतरते आणि पुढे ती माणसे वर्षानुवर्षे प्रांताच्या कचेरीत खेटे घालतात. ज्या अधिकाऱ्याने तो रकाना भरून आणण्यासाठी हाताखालच्या माणसाला परत पाठवले, त्याने शिकवले काय, हे त्या मंडळ अधिकाऱ्याला पुरते समजले आहे. म्हणूनच त्याने विशेषण वापरलेले नाही.

सरकारी कचेरीतले शिक्षण बहुतांशी असेच चालते. प्रशिक्षण संस्था आहेत, नियमांची पुस्तके आहेत. पण टिप्पणी कशी लिहावी, पंचनाम्यात चतुःसीमा आधी का घ्याव्यात, पंचांच्या सह्या जागेवरच का घ्याव्यात, नस्तीवर (फाइलवर) नुसते ‘चर्चा करावी’ असे लिहून जबाबदारी कशी टाळली जाते, हे सारे वरिष्ठाने खोडलेल्या मसुद्यावरूनच कळते. तेव्हा उरलेल्या पंचवीस जणांना त्यांचे लेख परत पाठवा (राग येईल, येऊ द्या) आणि रावसाहेबांनी तुमच्या कोणत्या कागदावर काय खोडले व त्याजागी काय लिहिले, एवढेच विचारा. दहा जणांना जरी नेमके आठवले, तरी आपल्या हाती अण्णांचा स्वभाव येईल. ज्यांना काहीच आठवणार नाही, त्यांची नावे आभाराच्या पानावर घ्यावीत.

तारखा व स्थळनामे मात्र आठवणीवर सोडू नका, सेवापुस्तकावरून घ्या. मराठवाड्यात येथे हमखास घोटाळा होतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे अण्णांच्या पहिल्या आठ वर्षांतल्या नोंदी आजच्या लातूर जिल्ह्यातल्या गावी असल्या तरी तेथे जिल्हा उस्मानाबादच लिहिलेला असेल. त्याला सुधारून ‘लातूर’ करू नये, आणि आता जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आहे म्हणून तेही मागे नेऊन चिकटवू नये. त्या काळी जे नाव होते ते ठेवावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाविषयी आपल्या पत्रात एक अक्षरही नाही, याचे मला नवल वाटते. गणेश विसर्जनानंतरच्या त्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली, लातूर व उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसे गेली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसांत तेथील महसूल खात्यातला माणूस अण्णांच्या वयाचा असेल तर मृतांच्या याद्या, पडझडीचे पंचनामे, पत्र्याचे निवारे, घरांचे वाटप यांपैकी कशात ना कशात असणारच. १९९३ व १९९४ च्या दैनंदिन्या काढून पाहा. पाने कोरी असतील तर तीही नोंदच आहे, आणि ती पाने कोरी आहेत असे सरळ लिहावे. तेथे शौर्याची कथा मनाने रचून घालू नये.

राहिला भावाचा प्रश्न. त्याचा मजकूर आपण आपल्या लेखात गुंफू नका. तसे केले की तो मवाळ होतो आणि मग त्याची तक्रार खरी ठरते. त्याला त्याच्या नावाने दीड पान द्या. तो काय लिहितो ते छापण्यापूर्वी आईला वाचून दाखवा. वाचून दाखवण्याचे काम आपण करावे, त्याने नव्हे, आणि आई एखादी ओळ काढा म्हणाली तर ती काढावी. स्मरणिका तिच्याही घरातली आहे.

प्रश्न : आमचे आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर गावातल्या मुलांना स्पर्धा परीक्षांसाठी फुकट शिकवत. त्यांच्या नावाने प्रतिष्ठान काढावे असा विचार असून पाच लाख रुपये जमले आहेत. योग्य होईल का?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : माझ्या मते, नाही. सार्वजनिक न्यास व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे, आणि त्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासून घेणे, विश्वस्त बदलला की बदल अहवाल दाखल करणे, हे सारे मागे लागते. त्यासाठी दहा वर्षांनी कोण धावपळ करणार, याचे उत्तर आपल्या पत्रात नाही. सात टक्के व्याज धरले तर पाच लाखांवर वर्षाला ३५,००० रुपये येतील. त्यांत प्रतिष्ठान चालत नाही, अभ्यासिका मात्र चालू शकते. गावात १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेले वाचनालय असेल, मग ते ‘ड’ वर्गातले का असेना, तर त्याच्या एका खोलीला आजोबांचे नाव द्यावे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा पर्यायांवर खुणा करण्याच्या जुन्या पुस्तकांनी कपाटे भरू नयेत. मुलांना आता लिहिलेली उत्तरे तपासणारा माणूस हवा आहे; आजोबांचे जे विद्यार्थी नोकरीत आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार त्यासाठी द्यावा, अशी विनंती करून पाहा. व्याजाच्या पैशांतून आधी पहाटे सहाला खोलीचे कुलूप उघडणाऱ्याचे मानधन काढा, मग विजेचे बिल, आणि काही उरले तर पुस्तके.