डार्क सोल्स या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग वगळला तर चालेल का?

चालेल की. पैसे तुमचे, वेळ तुमचा. फक्त ज्या ‘सगळ्यांनी’ तुम्हाला दुसरा भाग भंगार आहे म्हणून सांगितलं, त्यांच्यातल्या किती जणांनी तो शेवटपर्यंत खेळलाय, हे एकदा विचारून घ्या. माझ्या माहितीतला एक तरी असा आहे की ज्याने तो शेवटपर्यंत खेळला नाही, तरी गेली कित्येक वर्षं त्याच्यावर प्रवचन देतोय. त्याच्याकडे येतेच.

तुम्ही म्हणताय की एल्डन रिंग (त्याच कंपनीचा नंतरचा गेम) संपवलाय, आता डार्क सोल्स घ्यायचाय, तिघांत सर्वांत चांगला कोणता आणि दुसरा टाळावा का. शिवाय लॅपटॉप जुना आहे.

पहिला भाग २०११ चा. त्याच्यासारखा नकाशा नंतर कोणाला जमला नाही, खुद्द तो बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरलाही नाही. अनडेड बर्गमधून मरत मरत वर चढायचं, पॅरिशच्या चर्चमध्ये एक लिफ्ट सापडते, ती खाली उतरते तर समोर, जिथून निघालो तेच फायरलिंक श्राइन! तुळशीबागेत लक्ष्मी रोडकडून शिरून दोन बोळ वळलं की आपण मंडईकडे कसे निघालो हे कळत नाही, अगदी तसं. आणि हे सगळं पायी. ऑर्नस्टाइन आणि स्मॉ या जोडीला मारून लॉर्डव्हेसल मिळेपर्यंत एका बॉनफायरवरून (मेल्यावर जिथून परत उठता ती शेकोटी) दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. एल्डन रिंगची सवय लागलेल्या माणसाला हे फार जड जातं. शत्रूला लॉक केलं, म्हणजे नजर त्याच्यावर खिळवली, की रोलही (वार चुकवायची कोलांटी) चारच दिशांना बसतो. पण अनॉर लोंडो या शहरानंतरचा अर्धा गेम घाईत उरकलाय, हे पहिल्या भागाचे भक्त तुम्हाला सांगणार नाहीत. लॉस्ट इझॅलिथमध्ये लाव्ह्याच्या मैदानात तेच ते राक्षस रांगेने उभे करून ठेवलेत. बेड ऑफ केऑसला बॉस (वाट अडवणारा मोठा शत्रू) म्हणणं म्हणजे बाकीच्या बॉसचा अपमान आहे. फांदीचा फटका बसून खड्ड्यात पडणे, एवढंच तिथे होतं. हेच दुसऱ्या भागात असतं तर लोकांनी मोर्चा काढला असता.

तिसरा २०१६ चा. वेगवान, देखणा, बॉस एकापेक्षा एक. पाँटिफ सुलिव्हान, नेमलेस किंग, डीएलसीतली (नंतर आलेल्या जोड-भागांतली) सिस्टर फ्रीड आणि गेल. रोल इतका उदार की बटण दाबत राहिलं तरी निम्मं काम होतं. तुमचा हात एल्डन रिंगवर तयार झालाय, तर हा सगळ्यांत सोपा जाईल. पण रस्ता सरळसोट आहे, आणि जागोजागी पहिल्या भागाच्या आठवणी काढून टाळ्या मागतो. पहिला न खेळता तिसरा खेळलात तर त्या टाळ्या वाया जातील.

आता दुसरा. २०१४ चा. दिग्दर्शन तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा यांचं. पहिल्या भागाचा दिग्दर्शक मियाझाकी तेव्हा ब्लडबोर्न या दुसऱ्या गेममध्ये गुंतला होता, इथे फक्त देखरेखीला. ‘मियाझाकी नाही म्हणून भंगार’ ही थिअरी तिथूनच निघाली.

या थिअरीचा आमच्या घरातला प्रवर्तक म्हणजे माझा चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. मला कंट्रोलर धरायला त्यानेच शिकवलं, ते नाकारत नाही. पण शिकवलेली पोरगी पुढे जाते तेव्हा काही लोकांना त्रास होतो, त्यातला तो आहे.

२०१४ ची भाऊबीज. दुसऱ्या भागाची ‘ओल्ड आयर्न किंग’ ही डीएलसी ऑगस्टमध्ये आली होती. आम्ही दुपारी कोथरूडला काकांकडे पोचलो तर दादा बनियनवर, आंघोळ न करता, कॉम्प्युटरपुढे. ब्रूम टॉवरच्या तळाशी फ्यूम नाइट नावाचा बॉस आहे, त्याच्याकडून मार खात बसला होता. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी: या माणसाच्या एका हातात साधी लांब तलवार, दुसऱ्या हातात स्वतःपेक्षा मोठी. एकीचा वार झटकन येतो, दुसरीचा मुद्दाम रेंगाळून. तुम्ही घाबरून लवकर रोल मारता आणि बरोबर वाराच्या खाली उभे राहता. पुढे तो लहान तलवार टाकून देतो, मोठीला काळी आग लावतो, आणि मग खरा खेळ सुरू होतो.

दादाचं म्हणणं, हा गेम मोडलेला आहे. “मी रोल मारलाय, तुझ्या डोळ्यांदेखत मारलाय, तरी लागतंय. हिटबॉक्स बघ कसला आहे! आणि हा पहिला फेज देतच नाही. आत गेलं की पेटलेलाच येतो. बग आहे बग.” (हिटबॉक्स म्हणजे जिथे वार लागला असं गेम धरतो ती जागा.)

काकू आतून ओरडत होत्या, “अरे ऊठ आता, ती ताट घेऊन उभी आहे, निरांजन विझेल.”

मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, जरा पॉज कर. तो म्हणाला, या गेममध्ये पॉज नसतो. (हे त्याचं बरोबर होतं.) मग मेल्यावर, परत बॉनफायरला उठल्यावर, मी त्याचा स्टेटस स्क्रीन उघडला. ॲडॅप्टॅबिलिटी ९. म्हणजे नाइट क्लास घेऊन सुरुवात केली तेव्हा जेवढी मिळाली तेवढीच. लेव्हल भरमसाठ, स्ट्रेंग्थ भरपूर, जड चिलखत पेलावं म्हणून व्हायटॅलिटी भरपूर, आणि ज्याच्यावर रोल चालतो तो आकडा जिथल्या तिथे. दुसऱ्या भागात ॲडॅप्टॅबिलिटी वाढवली की एजिलिटी वाढते, आणि एजिलिटीवर ठरतं की रोल मारताना किती क्षण तुम्हाला वार लागणार नाही. एस्टस (जखमा भरणारं पेय) किती चटकन पिता येतो तेही त्याच्यावरच. एजिलिटी शंभराच्या आसपास नेली की रोल पहिल्या भागासारखा वाटायला लागतो. दादा पहिल्या भागाचे हात घेऊन दुसऱ्या भागात फिरत होता आणि शिव्या हिटबॉक्सला देत होता.

पण खरी मजा पुढे आहे. त्याच्या डोक्यावर वेल्स्टॅटचं शिरस्त्राण होतं. का, तर ‘दिसायला भारी’. आता फ्यूम नाइट म्हणजे राइम, आणि राइम व वेल्स्टॅट हे दोघेही राजा व्हेंड्रिकचे सरदार. राइम द्रोही ठरून बाहेर पडला, वेल्स्टॅट शेवटपर्यंत राजाच्या दाराशी पहारा देत राहिला. ते शिरस्त्राण घालून त्याच्यासमोर गेलं की तो पहिला फेज सोडून देतो आणि सरळ काळी आग लावून अंगावर येतो. बग नाही तो. जुन्या वैऱ्याचा टोप ओळखतो तो! ज्या गेमला लोक आत्मा नसलेला म्हणतात, त्यात कोणीतरी बसून एवढा विचार केलाय.

दादाच्या सामानात एक सोल व्हेसल (पॉइंट परत वाटू देणारी वस्तू) पडलं होतं, जपून ठेवलेलं. मी त्याला म्हटलं, थिंग्ज बिट्विक्स्टमध्ये त्या म्हाताऱ्यांकडे जा आणि पॉइंट परत वाट. तर म्हणे, “ते चीटिंग आहे. आणि स्टॅट वाढवून रोल सुधारतो हा कसला गेम?”

मी म्हटलं, मी मारला तर ओवाळणी दुप्पट. जिंकणार नाही याची खात्री असल्यामुळे तो हो म्हणाला. मी टोप काढला, पॉइंट परत वाटले, त्याचं जड चिलखत उतरवून हलकं चढवलं, आणि चिवड्याच्या डिशला हात न लावता बसले. बरीच मेले. राइमची मोठी तलवार वर गेली की एक ठेका सोडून रोल मारायचा, मागे नाही तर त्याच्याच अंगावर, खांद्याच्या बाजूने. हे एकदा हाताला कळलं की तो बॉस अतिशय सभ्य आहे. काहीही अन्याय करत नाही. काकू दारात उभं राहून बघत होत्या, आणि तो पडला तेव्हा त्यांनीच विचारलं, “झालं? आता ओवाळायचं का?”

ओवाळणी नेहमीचीच मिळाली. ‘कॅरेक्टर माझं, तलवार माझी, तू फक्त बटणं दाबलीस.’ त्या दिवसापासून दादा चारचौघांत सांगतो की फ्यूम नाइट त्याने मारला. सेव्ह त्याच्या कॉम्प्युटरवर आहे ना. पुढची दोन मुकुटांची कामं अर्धवट ठेवून त्याने गेम काढून टाकला, तिसरा भाग आल्यावर “बघ, हा खरा दुसरा भाग” म्हणाला, आणि अजूनही गणपतीत भेटला की त्या लिफ्टचा विषय काढतोच.

लिफ्ट म्हणजे: अर्दन पीकच्या पवनचक्कीच्या माथ्यावरून लिफ्ट वर जाते आणि तुम्ही लाव्ह्यात बुडालेल्या आयर्न कीप किल्ल्यात पोचता. आकाशात लाव्हा कुठून आला, हा सवाल. सवाल रास्त आहे. मला उत्तर माहीत नाही आणि मला फरकही पडत नाही. मजुला या गावी उतरल्यावर समोर समुद्र, कायमची संध्याकाळ, मधोमध तो भला मोठा खड्डा, आणि एक बोलणारी मांजर तुम्हाला अंगठी विकते की ती घालून खड्ड्यात उडी मारली तर हाडं कमी मोडतील. त्या गावासाठी मी लिफ्ट माफ करते.

आणि तुमच्यासाठी मुद्द्याची गोष्ट. एल्डन रिंगमध्ये दोन्ही हातांत तलवारी घेऊन एकदम वार करता ना? ते पॉवर स्टान्स दुसऱ्या भागातलं. रेनालाकडे जाऊन पॉइंट परत वाटता? या मालिकेत ती सोय पहिल्यांदा दुसऱ्याच भागात आली. पहिल्या बॉनफायरपासून कुठेही उडी? पहिल्या डार्क सोल्समध्ये नव्हती, दुसऱ्यात आली. एल्डन रिंगचा सहदिग्दर्शक कोण, तर तोच युई तानिमुरा. दादाने एल्डन रिंग दोन कटाना घेऊन संपवला आणि मला फोटो पाठवला. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या फेरीसाठीही हाच भाग चांगला. इतर भागांत शत्रू नुसते दणकट होतात, इथे नवे येतात. लॉस्ट सिनर पहिल्यांदा एकटी भेटते, दुसऱ्या फेरीत तिच्यासोबत आग फेकणारे दोघे. बॉनफायरमध्ये असेटिक नावाची वस्तू जाळली तर गेम न संपवताही एखादा भाग तेवढ्यापुरता कठीण करून मेलेला बॉस परत उठवता येतो. मात्र ते परत फिरवता येत नाही, विचार करून जाळा.

आता दोष. आहेत, आणि बरेच आहेत. मेल्यावर दर वेळी कमाल आरोग्य थोडं कमी होतं, अगदी निम्म्यापर्यंत, आणि नवशिक्याला ते रडवतं. (हाइडच्या टॉवरमधली रिंग ऑफ बाइंडिंग शोधा, मग पाऊणच्या खाली जात नाही.) श्राइन ऑफ अमानामध्ये पाण्यात चाचपडत असताना लांबून मंत्र येत राहतात. शेवटच्या डीएलसीतल्या फ्रिजिड आउटस्कर्ट्समध्ये हिमवादळात ते शिंगवाले घोडे सोडलेत, ते ज्याने केलं त्याला भेटायची माझी इच्छा आहे. बॉसपर्यंतच्या वाटेवर घोळके फार. सोबतीला कोण मिळणार हे तुमच्या लेव्हलवर नाही तर आयुष्यभर मिळवलेल्या सोल्सवर (शत्रू मारून होणाऱ्या कमाईवर) ठरतं, त्यामुळे मित्राबरोबर खेळणं अवघड होतं. आणि ॲडॅप्टॅबिलिटीचं महत्त्व गेम कुठेही नीट सांगत नाही. एवढ्यापुरतं दादाचं ऐकून घेईन, पण टोपाचं नाही.

क्रम विचाराल तर आले तसे: एक, दोन, तीन. सर्वांत चांगला कोणता, तर नकाशासाठी पहिला, बॉससाठी तिसरा, आणि परत परत खेळण्यासाठी दुसरा. एकच घ्यायचा असेल आणि हाती वेळ कमी असेल तर तिसरा घ्या, जीवाला त्रास नको असेल तरच.

लॅपटॉपचं राहिलंच. पहिल्याची २०१८ ची रीमास्टर्ड आवृत्ती घ्या. २०१२ ची पीसी आवृत्ती ३० फ्रेमवर अडकलेली होती, आता ती स्टीमवर विकतही नाहीत. दुसऱ्याची ‘स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन’ घ्या, तिन्ही डीएलसी त्यात आहेत. शत्रूंच्या जागा मात्र बदलल्यात, मूळ आवृत्तीचे व्हिडिओ बघून खेळाल तर फसाल. हे दोन्ही जुन्या मशीनवर सेटिंग खाली आणून चालायला हरकत नाही. तिसऱ्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागेल, नुसत्या ऑनबोर्डवर धरू नका. तिन्ही एकदम घेऊ नका, सेल लागतात. आणि माऊस-कीबोर्डवर खेळायचा विचार असेल तर आधी कंट्रोलर घ्या, मग गेम.