कुक्स डिस्टन्स 4/एन पेक्षा जास्त आलेल्या नोंदी रिग्रेशनमधून सरसकट काढून टाकाव्यात का? (आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरतो आहे)

नाही. कुक्स डिस्टन्स म्हणजे एखादी नोंद वगळली तर मॉडेलची उत्तरं किती हलतात याचं माप, आणि एन म्हणजे एकूण नोंदी. 4/एन ही मर्यादा फक्त 'इथे जरा बघा' एवढंच सांगते. कुक्स डिस्टन्सची सरासरी साधारण 1/एन च्या आसपास असते. त्यामुळे हजार नोंदींच्या अगदी निर्दोष डेटातही कित्येक नोंदी ही रेषा ओलांडतात, आणि त्या काढल्या तर चांगला डेटा हकनाक जातो.

आर मध्ये 'अँसकोम्ब' नावाचा डेटा आयताच मिळतो (अँसकोम्ब यांनी तो 1973 साली मांडला). त्यातल्या तिसऱ्या जोडीवर, म्हणजे एक्स3 आणि वाय3 वर, एलएम (रिग्रेशनची रेषा बसवणारं फंक्शन) चालवा. उतार 0.50 येतो. आता तिसरी नोंद पाहा: एक्स 13, वाय 12.74. तिचं लिव्हरेज, म्हणजे तिचा एक्स बाकीच्यांपासून किती दूर आहे याचं माप (आरमध्ये हॅटव्हॅल्यूज), 0.236 आहे. 2पी/एन ची मर्यादा इथे 4/11, म्हणजे 0.364 (पी म्हणजे मॉडेलमधल्या गुणकांची संख्या; ती मोजताना इंटरसेप्टही धरायचा, तो बऱ्याचदा राहून जातो). म्हणजे नुसतं लिव्हरेज पाहिलं तर ही नोंद निसटते. कुक्स डिस्टन्स मात्र 1.39 आहे. ती वगळून मॉडेल पुन्हा बसवलं की उतार 0.35 वर येतो. निर्णय या फरकावर घ्यायचा. डीएफबीटा हे फंक्शन हाच फरक मूळ एककात देतं, डीएफबीटाज तो प्रमाण त्रुटीने भागून देतं. दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक आहे, गल्लत होऊ देऊ नका.

रेसिड्यूअलसाठी (प्रत्यक्ष वाय आणि रेषेवरचा वाय यांतला फरक) आरस्टँडर्डऐवजी आरस्टुडंट वापरा. आरस्टँडर्डची किंमत एन वजा पी च्या वर्गमुळापलीकडे जाऊच शकत नाही. इथे ती कमाल मर्यादा 3 आहे आणि आपली नोंद जेमतेम तिथे पोचते. आरस्टुडंट त्या नोंदीला बाजूला ठेवून विचलन मोजतं, म्हणून तेच रेसिड्यूअल 1200 च्या वर जातं.

आता चौथी जोडी. तिथे दहा नोंदींचा एक्स 8 आणि एकाचा 19 आहे. त्या एकाचं लिव्हरेज बरोबर 1, रेसिड्यूअल शून्य, म्हणून कुक्स डिस्टन्स शून्य भागिले शून्य, म्हणजे 'एनएएन' ('संख्या नाही') येतं. अख्खा उतार या एका बिंदूवर उभा आहे, पण 'व्हिच' लावून मोठी मूल्यं शोधलीत तर तो यादीत येणारच नाही, कारण व्हिच एनएएन गुपचूप गाळतं. त्यामुळे आधी हॅटव्हॅल्यूज तपासा, मग कुक्स.

इन्फ्लुअन्स डॉट मेझर्स हे फंक्शन सगळी मापं एकत्र देतं आणि संशयास्पद नोंदींवर तारा लावतं. त्याच्या मर्यादा पाठ्यपुस्तकांतल्यापेक्षा सैल आहेत, उदाहरणार्थ लिव्हरेजसाठी 3पी/एन, तेव्हा तारा नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. डेटात रिकाम्या जागा असतील तर एलएम त्या ओळी गाळतो आणि निकालातली क्रमसंख्या मूळ ओळीशी जुळत नाही. एलएमच्या एनए डॉट ॲक्शन या पर्यायाला 'एनए डॉट एक्सक्लूड' दिलंत की जुळते.

ही सगळी मापं एका वेळी एकच नोंद वगळतात. दोन बिंदू शेजारी शेजारी असतील तर एक काढला तरी दुसरा रेषा धरून ठेवतो आणि दोघंही निर्दोष दिसतात. तिथे दोन्ही एकदम वगळून पाहा, किंवा मास पॅकेजमधलं आरएलएम (विचित्र नोंदींना कमी वजन देणारं रिग्रेशन) एमएम पद्धतीने चालवून उत्तरं ताडा.

नोंद चुकीची टिपली गेली असेल तर दुरुस्त करा. खरी असेल तर ती ठेवून आणि वगळून आलेले दोन्ही उतार अहवालात द्या.