एकाच कॅप्सूलमध्ये औषधही, तपासणीही

प्रश्न : सासूबाईंचं थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता आयोडीनची कॅप्सूल देऊन वेगळ्या खोलीत ठेवणार आणि काही दिवसांनी स्कॅन काढणार आहेत. स्कॅनसाठी वेगळं इंजेक्शन नाही, त्याच कॅप्सूलवर फोटो निघतो म्हणे. हे कसं? त्या फार घाबरल्या आहेत.
— एक सून, चिपळूण

उत्तर : ताई, त्यांना आधी सांगा, हा प्रयोग नाही. १९४१ पासून किरणोत्सारी, म्हणजे किरणं सोडणारं, आयोडीन उपचारासाठी वापरात आहे.

थायरॉईडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. ऑपरेशननंतर उरलेल्या, किंवा दुसरीकडे जाऊन बसलेल्या पेशींचीही ही सवय बहुतेकदा सुटत नाही. कॅप्सूलमधलं आयोडीन-१३१ तिथे पोचलं की त्यातून दोन गोष्टी निघतात. बीटा कण फार तर दोन मिलिमीटर जातात आणि तिथल्याच पेशी मारतात. गॅमा किरण शरीराबाहेर येतात, ते कॅमेरा टिपतो. औषध कुठे लागलं, हे औषधच दाखवतं.

हे सुचलं बोस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ यांना. नोव्हेंबर १९३६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचं व्याख्यान झालं, तेव्हा त्यांनी विचारलं : आयोडीन किरणोत्सारी करता येईल का? पुढे आर्थर रॉबर्ट्स यांच्याबरोबर त्यांनी सशांवर काम केलं. तेव्हाचं आयोडीन-१२८ पंचवीस मिनिटांत निम्मं व्हायचं, म्हणून सगळी घाईच. १९४१ मध्ये थायरॉईड जास्त चालणाऱ्या पेशंटला पहिला डोस दिला, तेव्हा गॅमा कॅमेराही नव्हता. गळ्यापाशी किरणं मोजणारा गायगर काउंटर धरून आयोडीन किती शोषलं ते मोजत. वयाच्या ४५व्या वर्षी हर्ट्झ गेले. माझ्या मते औषध आणि तपासणी ही दोन वेगळी खाती नाहीत, हे त्यांच्याइतक्या लवकर कोणी ओळखलं नाही. आज प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये गॅलियम-६८ने शोधून ल्युटेशियम-१७७ने मारतात (दोन्ही किरणोत्सारी द्रव्यं), तो याच वाटेचा पुढचा टप्पा.

भीती वाटते ती त्या खोलीत. शिशाच्या जाड डबीतून कुपी निघते, कॅप्सूल पेशंटनेच तोंडात टाकायची आणि आम्ही, म्हणजे डोस देणारे, लांब सरकतो. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. आम्ही लांब असतो कारण हे काम आमचं रोजचं आहे, किरणांचा मारा वर्षभर थोडा थोडा साठतो. त्यांना टाळण्यासाठी नाही. कॅप्सूल गिळताना काही जाणवत नाही. नंतर कधी मळमळतं, कधी गालाखालच्या लाळेच्या ग्रंथी दुखतात. पाणी भरपूर प्यायला लावा.

त्याआधी काही दिवस आयोडीन कमी घ्यायचं, म्हणजे पेशी भुकेल्या राहतात. आयोडीनयुक्त मीठ बंद, आणि कोकणात जड जाईल पण बांगडा, सुकट, कोळंबीही बंद. थायरॉईडची गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, स्वतःहून थांबवू नका.

घरी आल्यावर लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून किती दिवस आणि किती अंतरावर राहायचं, ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. डोसप्रमाणे ते दिवस बदलतात, शेजारच्या पेशंटचा आकडा धरू नका.