घर तुमचं, मग सही कशाला?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. वय ७१, यजमान नाहीत. घर त्यांच्या नावावर, वरच्या मजल्यावर दोन मुलं-सुना. पेन्शन २६,००० रुपये, पतसंस्थेत ९ लाख, बँकेत ६ लाख; पण एटीएम कार्ड धाकट्याकडे. आजारपणात कुणी खाली डोकावत नाही. बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच घर मुलांच्या नावे करणारा दस्त, करून द्या म्हणून तगादा मात्र रोजचा. ‘सही करून मोकळी होते आणि मिरजेत ७,००० रुपये भाड्याच्या दोन खोल्यांत जाते. झेपेल का?’

बाई, झेपेल. भाडं, किराणा, औषधं, कामवाली, वीज-फोन असा तुम्ही मांडलेला महिन्याचा खर्च २२,५०० रुपये. तो नुसत्या पेन्शनमध्येच भागतो. आधी बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा आणि नवं घ्या.

मला धाकधूक आहे ती पतसंस्थेतल्या ९ लाखांची. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बुडालेल्या पतसंस्था पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. मुदत संपेल तसे ते पैसे काढा, बँकेतल्या ६ लाखांतले ३ त्यात घाला आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ८.२ टक्क्यांनी १२ लाखांवर दर तिमाहीला २४,६०० रुपये हातात येतील. उरलेले ३ लाख दवाखान्यासाठी बँकेतच असू द्या.

आता सही. जायचं तर खुशाल जा, पण सही करून जाऊ नका. मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार वेगळा. ‘स्वस्तात काम होतंय’ हे मुलं खरंच सांगतात. फक्त नोंदवलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, अट मोडल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली परत मिळवता येतं. पण ती अट दस्तात लिहिलेली नसली, तर असे अर्ज ऐकणाऱ्या प्रांत कार्यालयात हेलपाटे ठरलेले. द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. ते हवं तेव्हा बदलता येतं.

आणि मिरजेला गेलात तर तळमजला रिकामा ठेवू नका. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, भाडं तुमच्या खात्यात. मुलं कुरकुरतील. कुरकुरू देत.

धाकट्याने आणून दिलेला बक्षीसपत्राचा मसुदा कपाटात ठेवा. विचारलं तर सांगा, ‘सल्लागार वाचतोय.’